झिजू नये म्हणून

उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या की आमच्याकडे हिवाळा आला असं समजायचं. थंडी नंतर येते, आधी ट्रॉल्या येतात. पेठच्या पुढे अगदी रस्त्याकडेला आमचं घर. ट्रॅक्टरवाले गाण्याचा आवाज एवढा मोठा ठेवतात की ट्रॉली दिसायच्या आधी गाणं येऊन पोचतं, आणि ट्रॉली गेल्यावर मागे रस्त्यावर सांडलेलं हिरव्या शेंड्यांचं वाढं आणि उसाची दोन-चार कांडकी उरतात. परवा सकाळी या हंगामातली पहिली ट्रॉली गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या, शोकेसमधल्या कपांनी एकमेकांना धक्के मारले. माझी बायको शालन दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"ह्यांचा टेप रोज वाजतो बघा. झिजत कसा न्हाई?"

एवढंच. पुन्हा तिचे हात तांदळात गेले. पण ज्याला लागायचं होतं त्याला लागलं. चहा घेत बाजूला बसलेला, तो मी.

मी साखर कारखान्यात स्टोअरकीपर आहे. पंचवीसेक वर्षं माझं काम एकच, वस्तू शक्यतो वापरली जाऊ न देणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण भांडारात बसणाऱ्या कुणालाही विचारा. फिटर येतो, बेअरिंग मागतो. आपण आधी विचारायचं, जुनं कुठंय? खरंच गेलंय का? ग्रीस मारून चार दिवस निघतील का? मग अगदीच नाइलाज झाला की पोटची पोर सासरी पाठवावी तसं ते तेलकट कागदात गुंडाळलेलं बेअरिंग त्याच्या हातात ठेवायचं. फाटकातून बाहेर पडताना हा स्वभाव जमा करून घ्यायची सोय कारखान्यात असती तर माझ्या घराचं भलं झालं असतं. तशी सोय नव्हती. तो रोज माझ्याबरोबर डब्याच्या पिशवीतून घरी येत गेला.

त्यामुळे आमच्या सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. उन्हाळ्यात पाहुणा उठला की प्लास्टिकही त्याच्या पाठीला धरून थोडं उठायचं, जणू त्यालाही फाट्यापर्यंत सोडायला जायचंय. रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. काचेचे सहा ग्लास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले; त्या ग्लासांच्या लायकीचा पाहुणा अजून यायचा आहे.

मग एका दिवाळीत आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर आला. त्या वर्षांत तो घरोघर येत होता. मशीनला सगळे नुसतं 'डीव्हीडी' म्हणायचे आणि आत घालायच्या चकतीला 'सीडी'. मी तो शोकेसच्या मधल्या फळीवर, सगळ्यांना दिसेल पण कुणाचा हात सहज पोचणार नाही असा ठेवला. शालनकडून त्याच्यासाठी एक रुमाल भरून घेतला. पांढरं जाड सुती कापड, त्यावर निळ्या दोऱ्याचं कमळ. महिनाभर ती दुपारी तेवढंच करत होती. कमळाची शेवटची पाकळी झाली, मी रुमाल मशीनवर अंथरला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा स्वतःच्या हातानं उचलून बाहेर नेला होता, असं वडील अभिमानानं सांगायचे. तोच देव्हारा नातवानं पुन्हा आत आणला आणि त्यात जपानी नावाचं चिनी मशीन बसवलं, हे बघायला आजोबा नव्हते, ते एक बरं झालं.

शेजारच्या बबनभाऊंकडेही तसंच मशीन होतं. ते सकाळी वासुदेवासारखं सुरू व्हायचं. मुलांची कार्टून, बायकांची गाणी, बबनभाऊंचे हाणामारीचे सिनेमे. भिंत एकच, त्यामुळे सगळं आम्हाला फुकट ऐकू यायचं. मी त्या मशीनच्या मरणाची भविष्यवाणी दर आठवड्याला करायचो.

"बबनभाऊ, एवढं चालवू नका. रोजच्या वापरानं आयुष्य कमी होतं त्याचं."

"आपलं बी व्हतंच की, स्टोअरवाले," बबनभाऊ हसून म्हणायचे. "म्हून का श्वास ठिवून द्यायचा?"

मला हे अडाणीपणाचं वाटायचं. मी कारखान्यात नोकरी करणारा माणूस. यंत्र म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

आता आमच्याकडच्या एका सीडीविषयी. ती शालनच्या भावाच्या, सदाच्या लग्नाची. माहेर जुन्नरच्या वरच्या अंगाला, आपटाळ्याच्या पुढची वस्ती. लग्न ऐन हंगामात. माझी दुपारनंतरची ड्युटी होती आणि मी नसलो तर कारखाना बंद पडेल अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. वंदना झाली, हार झाले, पहिली पंगत बसली. मी दोन घास खाल्ले आणि शालनला म्हणालो, चल, गाडी जाईल. ती म्हणाली, "आईला सांगून येते." मी म्हणालो, "मी सांगितलंय." सांगितलं नव्हतं. तिनं एकदा आईला गाठलं की अर्धा तास मोडणार, हे मला माहीत होतं. आम्ही फाट्यावर येऊन उभे राहिलो आणि गाडी, अर्थातच, तासभर उशिरा आली. त्या तासात आम्ही काय बोललो ते आठवत नाही. लांबून बँड ऐकू येत होता, तेवढं आठवतं.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. चार दिवसांचा ताप. शालन पोचली तेव्हा त्या बोलत नव्हत्या.

त्यांचा फोटो म्हणाल तर एक, रेशनकार्डासाठी काढलेला, पोलिसानं धरून आणल्यासारखा. हलत्याबोलत्या त्या फक्त त्या सीडीत होत्या. सीडीच्या अगदी शेवटी, पंगतीत, पांढऱ्या साडीत, हातात बुंदीचं घमेलं.

आणि मग तो हंगाम आला, ज्याच्याविषयी खरं मला लिहायचं आहे आणि ज्याच्याभोवती मी मघापासून सोफे आणि ग्लास मांडत बसलो आहे.

त्या वर्षी ऊस भरपूर होता. वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात यायचा, कपड्यांना बसायचा. तोड सुरू झाली की उसातले बिबटे बाहेर पडतात. दिवस कलला की बायका शेतातून परत, पोरं आत, दाराला कडी. आमची प्रज्ञा तेव्हा चौथीत. ती पाढे म्हणत बसायची. शालन घरात, समोर शोकेस, शोकेसमध्ये रुमाल, रुमालाखाली मशीन. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी लावून दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो,

"अगं, रोज रोज लावलं तर मशीन जाईल. त्याच्या लेन्सचं आयुष्य ठरलेलं असतं. रविवारी बघ."

"रविवारी तुमी घरी असता. मला दुपारची येळ मिळती."

"दुपारी लाईट जाते-येते. एका झटक्यात जळेल."

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला पटवून घेणं वाटायचं. तरी माझा विश्वास नव्हता. मशीनची ती लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर मी काढून घेतली आणि ड्युटीच्या बॅगेत ठेवून रोज कारखान्यात नेऊ लागलो. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. तेव्हा मी दुपारच्या सुट्टीत सोबत्यांना बॅग उघडून ती वायर दाखवली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो. 'बाईमाणसाला मशीनची कदर नसते,' असं कुणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

रविवारचं बघणं सणावर गेलं. सणाचं 'बघू'वर गेलं. त्या हंगामात तिनं ती सीडी सात वेळा बघितली. आकडा माझा नाही, तिचा आहे. बघताना ती जमिनीवर बसायची, शेवट जवळ आला की बसल्या बसल्या पुढे सरकायची. इतकी पुढे, की पडद्याचा निळा उजेड तिच्या गालावर पडायचा. मी मागे खाटेवर. मी काय करत होतो? मी मशीनच्या आवाजाकडे कान लावून होतो. बारीक घरघर येते का, चकती घासते का. ती आई बघत होती, मी मोटर ऐकत होतो.

सीडी संपली की लगेच काढायची, मऊ फडक्यानं पुसायची, पाकिटात घालायची आणि ट्रंकेत शालूच्या घडीत ठेवायची, कसर लागू नये म्हणून चार डांबरगोळ्या टाकून. सीडीला कसर लागत नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं. पण स्टोअरकीपरला कोण सांगणार?

हंगाम संपला, भट्ट्या थंडावल्या, आणि शालननं मागणं बंद केलं. मला वाटलं, समजूतदार झाली.

खरं तर मला सगळं माहीत होतं, हीच यातली कडू गोष्ट. कारखान्यात एक म्हातारे फिटर होते. ते म्हणायचे, "मिल चालू असती तवा मला निवांत झोप लागती. बंद झाली की भ्या वाटतं." बंद पडलेल्या मोसमात पंपांची रबरं धरतात, ग्रीस वाळून मेणासारखं होतं, व्हॉल्व्ह जाग्याला चिकटतात. दर वर्षी हंगामाच्या तोंडाशी मी स्वतः रॅकवरून नवीकोरी रबरी ऑइल सील काढून फेकून द्यायचो. एकदाही न वापरलेली, कागदातून न काढलेली, आणि बोटानं दाबली की बिस्किटासारखी तुटणारी. आठ तास हे हातांनी केलं आणि घरी येऊन नेमकं उलटं बोललो. ज्ञान डोक्यात असणं वेगळं आणि घरात आणणं वेगळं. घरात मी फक्त स्वभाव आणत होतो.

बबनभाऊंचं मशीन बरीच वर्षं चाललं. मग एक दिवस गेलं, तेव्हा त्यांनी हळहळ न करता ते गोठ्यामागे टाकलं. त्याच्या उघड्या पेटीत त्यांच्या कोंबडीनं अंडी घातली. म्हणजे मेल्यावरही ते वापरात राहिलं. आमचं मात्र नवा टीव्ही आला तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या माथ्यावर गेलं. अंगावर एक ओरखडा नाही.

परवा ट्रॉली गेल्यानंतर चहा तसाच ठेवून मी ते खाली काढलं. वायर शोधायला वेळ लागला नाही. जुन्या ड्युटीच्या बॅगेतच होती, आतल्या कप्प्यात, व्यवस्थित गुंडाळलेली. मशीन लावलं. दिवा लागला. बटण दाबलं. आतून म्हातारं माणूस उठताना काढतं तसा आवाज आला आणि ट्रे जागचा हलला नाही. शालननं तांदूळ घेऊन आत जाताना ते बघितलं.

दुपारी आळेफाट्याला सलीमभाईंकडे गेलो. मूळचे जुन्नरचे. एके काळी रेडिओ, मग टेप, मग डीव्हीडी. आता मोबाइलच्या काचा बसवतात. मी पिशवी सोडली तसे ते हसले.

"राव, ह्ये काय? म्युझियममधून आणलं का?"

"सोळा वर्षांचं आहे. पण जपलंय हं. फार वापरलं नाही."

"त्ये दिसतंयच." त्यांनी झाकण काढलं, चिमट्यानं एक काळा रबरी पट्टा वर काढला. पट्टा ताणला गेला नाही, वाकला तसाच राहिला. "ह्ये बघा. ह्यो झिजलेला न्हाई, आखडलेला हाय."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण सोळा वर्षांचा प्रश्न होता. "सलीमभाई, खरं सांगा. रोज वापरलं असतं तर लवकर गेलं असतं का?"

त्यांनी चष्मा वर केला. "खोटं कशाला बोलू? लेन्सचा उजेड वापरून कमी व्हतोच. मोटरबी झिजती. पण त्याला वर्षं लागत्यात, भाऊ. रोज एक सिनेमा लावला असता तरी पाच-सात वर्षं कुठं गेली न्हवती. अन् त्या वर्षांत तुमी दोन-अडीच हजार वेळा बघितलं असतं की." मग चिमटा खाली ठेवून, "तुमी किती वेळा बघितलं?"

"सात."

त्यांनी दुसऱ्या मेलेल्या मशीनचा पट्टा काढून बसवला, जुनं ग्रीस खरवडलं, लेन्स पुसली. मशीन सुरू झालं. मग त्यांनी सीडी उजेडात धरली आणि तोंडानं च्च केलं. कडेनं पांढुरकं धुकं धरलं होतं, थंडीत काचेवर धरतं तसं, पण पुसून न जाणारं.

"कशात ठिवली व्हती?"

"ट्रंकेत. डांबरगोळ्या घालून."

"प्लास्टिक हाय भाऊ ते, शालू न्हाई. हिचं वाचन आतून बाहेर व्हतं. सुरुवात लागंल. कडेचं, म्हंजी शेवटचं, माझ्या हातात न्हाई."

प्रज्ञाला पुण्यात फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मामाकडे दुसरी सीडी असेल ना, ती आणा." सदाला विचारलं, तर त्याच्याकडची सीडी केव्हाच हरभऱ्याच्या रानात काठीला टांगली होती, पाखरं उडवायला. काही वर्षं चकाकली असेल. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं केव्हाच दुकान मोडलं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्यावरून ट्रॉल्यांची रांग चालली होती. शालन भाकरी थापत होती. मी टीव्हीला पिना जोडल्या आणि हाक मारली, "शालन, ये. लागलंय."

"लावा तुमी. माझे हात पिठात हायेत."

चित्र आलं. मांडव, पांढऱ्या साड्या, वंदना. आतून भाकरीचा थपथप आवाज आणि त्यातूनच तिचा आवाज आला, "आता सदा हार घालंल, अन् हार फेट्याला अडकंल." पडद्यावर सदानं हार घातला. हार फेट्याला अडकला. मला हे आठवतही नव्हतं.

"आता आमचा मामा पोरांवर डाफरंल." मामा डाफरले.

"आता कुत्रं यील मांडवात." कुत्रं आलं.

स्वयंपाकघरातून पडदा दिसत नाही. मधे भिंत आहे. तरी ती चित्राच्या एक श्वास पुढे चालत होती. मी खाटेवर बसून होतो, आणि या वेळी मोटरीकडे कान लावायची गरज नव्हती. पंगत आली. बँड इतका जोरात, की माणसांची फक्त तोंडं हलत होती. गर्दीतून पांढरी साडी पुढे आली. घमेलं दिसलं. आणि चित्राचे चौकोन झाले. निळे, हिरवे, करडे. सासूबाईंचा एक हात कपाळापर्यंत उचललेला, आणि चेहऱ्याच्या जागी चौकोन. तिथंच थांबलं.

"अडकलं," मी म्हणालो.

आतला थपथप आवाज थांबला नाही. "हात कपाळाला लावलाय का तिनं?"

"हो."

"आता बघंल इकडंतिकडं. मग त्या फोटूवाल्याला म्हणंल, माझा कशाला घेतो? माझी शालू कुठं गेली? तिला घे की ह्यात."

"तुला कसं कळलं? तिथं तर नुसता बँड वाजतोय."

"ओठ व्हते की." एक भाकरी तव्यावर पडली. "मग एकदा फाट्याच्या रस्त्याकडं बघती. आन् मग संपतं."

फाट्याच्या रस्त्यावर तेव्हा आम्ही दोघं उभे होतो. न येणाऱ्या गाडीची वाट बघत. मी सांगितलंय, असं सांगून.

पडद्यावरचे चौकोन मधेच थरथरत होते, मशीन बिचारं पुढे जाण्याची खटपट करत होतं.

"बंद करा आता," ती म्हणाली. "झिजंल."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी काळजीनं म्हटलं, मी म्हणायचो तसं.

मी उठून मशीन बंद केलं आणि सवयीनं माझा हात शोकेसच्या फळीवर रुमाल चाचपू लागला. तिथं काही नव्हतं. तेवढ्यात शालननं ताट आणून ठेवलं आणि बाजूला भाकरी. भाकरी एका फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. धुऊन धुऊन पातळ झालेलं, कडेला तव्याचा डाग पडलेलं. एका कोपऱ्यात, नीट बघितलं तर, निळसर कमळ होतं.

"हा तर तो रुमाल," मी म्हणालो. "कधी काढलास?"

तिनं घडी उलगडून गरम भाकरी माझ्या ताटात वाढली.

"लई वर्षं झाली," ती म्हणाली. "तुमाला आज दिसला व्हय?"